राजाला तोंडावर ऐकवायचे दिवस: आफ्रिकेतल्या सणांमध्ये गाणी नक्की काय काम करतात

घानामध्ये टेकिमान म्हणून एक गाव आहे, बोनो लोकांचं, बाजारपेठेसाठी प्रसिद्ध. तिथे १९२२ साली रॅट्रे नावाचा एक ब्रिटिश अधिकारी 'अपो' नावाचा सण बघायला गेला, नोकरी सरकारची पण ओढा सगळा लोकांच्या चालीरीती समजून घेण्याकडे, आणि त्याने तिथे लोक रस्त्यावर गात होते ती गाणी लिहून घेतली. त्यातल्या एका गाण्याचा मतलब साधारण असा, की साधा बोनो माणूस उंदीर खातो हे आम्हाला माहीत होतं, पण राजघराण्यातला माणूस पण उंदीर खातो हे आज बघितलं, आज सगळं ठीक आहे म्हणून आज बोलून घेतो, एरवी असं बोलता येत नाही. म्हणजे राजघराण्याचं नाव घेऊन, भर रस्त्यात, सगळ्या गावाने मिळून, आणि कोणालाही शिक्षा नाही.

आपण आफ्रिकेतले सण म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं तर ढोल, मुखवटे, रंगीत कपडे, नाच. गाणी ऐकू येतात पण शब्द कळत नाहीत, मग आपण त्यांना बॅकग्राउंड म्युझिक समजतो आणि पुढे जातो. मला वाटतं इथेच सगळ्यात मोठी गोष्ट हातातून निसटते, कारण यातल्या बऱ्याच सणांमध्ये गाणं हेच मुख्य काम असतं. देवाला बोलवायचं ते गाण्याने, पूर्वजांची हजेरी घ्यायची ती गाण्याने, आणि वर्षभर ज्या माणसाने गावाला त्रास दिला त्याला सुनवायचं ते पण गाण्यानेच. आणि यातलं धार्मिक कुठलं आणि सामाजिक कुठलं असं वेगळं काढायला गेलात तर काढताच येत नाही. आफ्रिका म्हणजे पन्नासच्या वर देश आणि हजारांवर भाषा, त्यामुळे "आफ्रिकेत असं असतं" म्हणण्यात काही अर्थ नाही, मी मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतल्या आणि एक दक्षिणेकडच्या सणाबद्दल लिहितोय.

तर परत टेकिमानला. रॅट्रेने तिथल्या ता केसे या देवाच्या मुख्य पुजाऱ्याला विचारलं की हे सगळं कशासाठी, आणि त्या म्हाताऱ्याने जे सांगितलं ते मला या विषयातलं सगळ्यात सुंदर स्पष्टीकरण वाटतं. तो म्हणाला, प्रत्येक माणसाला एक 'सुनसुम' असतो, आपण त्याला आत्मा म्हणू. या सुनसुमला मार लागू शकतो, तो आजारी पडू शकतो, आणि तो आजारी पडला की अंगही आजारी पडतं. आणि बऱ्याचदा याचं कारण काय, तर दुसऱ्या कोणाच्या तरी मनात तुमच्याबद्दल साठलेला राग. तसंच तुमच्याही डोक्यात दुसऱ्याबद्दल राग असतो, आणि त्याने तुमचाच सुनसुम खराब होतो. आमच्या पूर्वजांना हे माहीत होतं म्हणून त्यांनी वर्षातून एक वेळ ठरवून दिली, त्यात बाई असो माणूस असो, मोकळा असो की गुलाम असो, प्रत्येकाने डोक्यात जे काय आहे ते बोलून टाकायचं, शेजाऱ्याला आणि राजाला सुद्धा. बोललं की बोलणाऱ्याचा सुनसुम थंड होतो, आणि ज्याला बोललं त्याचा पण होतो. पुढे त्याने उदाहरण दिलं ते तर अंगावर येतं: असांतेच्या, म्हणजे शेजारच्या बलाढ्य राज्याच्या, राजाने तुमची पोरं मारली असतील, तुम्ही त्याचा द्वेष करत असाल, त्यामुळे तो पण आजारी आणि तुम्ही पण आजारी, पण त्याच्या समोर जाऊन मनातलं सांगायला मिळालं तर दोघांचं भलं होतं.

शंभर वर्षांपूर्वी एका पुजाऱ्याने हे सांगितलंय हे लक्षात घ्या. आपल्याकडे शिमग्याला नावं घेऊन बोंबा मारायची जी मुभा असायची ती साधारण याच जातीची, म्हणून मराठी माणसाला अपो समजायला अवघड जाऊ नये. पण टेकिमानमध्ये ही मुभा म्हणजे औषध, आणि तेही दोन्ही बाजूंसाठी. आणि हे माणसांवर थांबत नाही. गाण्यांचे दिवस संपत आले की देवांची आसनं मिरवत तानो नदीवर नेतात आणि त्यांच्यावर पाणी शिंपडतात. आधी माणसांनी मन मोकळं करायचं आणि मग देव शुद्ध व्हायचे, क्रम असा आहे.

याच्या खूप आधीचा पुरावा पण आहे. विलेम बॉसमन नावाचा डच व्यापारी गिनीच्या किनाऱ्यावर राहत होता, त्याचं पुस्तक १७०४ मध्ये आलं. त्यात त्याने अ‍ॅक्सिम या आजच्या घानातल्या किनाऱ्यावरच्या गावातला आठ दिवसांचा सण लिहून ठेवलाय, की या दिवसांत लोक वरिष्ठ-कनिष्ठ न बघता सगळ्यांचे दोष, लबाड्या, फसवणुकी उघड उघड गातात आणि त्यांना कोणी हात लावू शकत नाही. गाणाऱ्यांची तोंडं बंद करायचा एकच उपाय म्हणजे त्यांना भरपूर दारू पाजायची, मग लगेच सूर बदलतो आणि टीकेचं गाणं स्तुतीचं होतं. म्हणजे तोंड दाबायचे प्रयत्न तेव्हाही चालू होतेच! हा सण बहुतेक अभ्यासक आजचा 'कुंडुम' मानतात. कुंडुम न्झेमा आणि अहांता लोकांचा, घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे न्क्रुमा याच न्झेमा समाजातले. पावसाळ्याच्या शेवटी ताकोराडीच्या बाजूने सुरू होतो आणि एक गाव झालं की पुढचं असं करत करत किनाऱ्याने पश्चिमेला सरकतो. त्यातल्या टीकेच्या गाण्यांना 'आवुडवेने' म्हणतात. घानाचे अभ्यासक कोफी अगोवी यांनी या गाण्यांवर बरंच काम केलंय, आणि त्यांचं म्हणणं असं की ही गाणी म्हणजे तिथली राज्यकारभारावर लक्ष ठेवायची पद्धतच होती, सरदारापासून देशाच्या पुढाऱ्यांपर्यंत कोणीही त्यातून सुटत नाही आणि कवीला मात्र संरक्षण असतं.

आता प्रश्न असा येतो की हे गाण्यातूनच का, साधं बोलून का नाही? चार माणसं पाठवून सरदाराला सांगता आलं असतं की. मला याची कारणं गाण्याच्या बांधणीतच दिसतात. तिकडच्या सामुदायिक गाण्यांत एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे सगळे ती उचलतात किंवा तिला ठरलेलं उत्तर देतात, घानाचे मोठे संगीत अभ्यासक क्वाबेना न्केटिया यांनी यावर आयुष्यभर लिहिलंय. आता विचार करा, एकट्याने "सरदाराने आमची जमीन ढापली" म्हटलं तर तो एकट्याचा आरोप झाला, उद्या त्याला गाठून दम देता येतो. तेच पुढच्याने ओळ टाकली आणि दोनशे जणांनी ती उचलली, की मग बोललं कोण? सगळेच. प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने म्हटलंय, म्हणजे एक प्रकारे मतदान झालं तिथल्या तिथे. आणि उचललीच नाही लोकांनी ओळ तर ती तिथेच पडते, गाणाऱ्याला पण कळतं की आपलं म्हणणं गावाला पटलेलं नाही. दुसरं म्हणजे गाणं लक्षात राहतं. भाषण दुसऱ्या दिवशी विसरतात, चाल लागलेली ओळ सण संपल्यावरही पोरं गुणगुणत राहतात, आणि ज्याच्यावर ती आहे त्याला ती पुढचं वर्षभर कुठून ना कुठून ऐकू येते.

आणि तिसरं कारण, जे बाहेरच्या माणसाला पटकन दिसत नाही, ते धर्माचं. यासाठी योरुबा लोकांच्या गेलेडेकडे जायला लागेल. योरुबा म्हणजे नैऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिन-टोगोचा भाग. गेलेडे हा तिथला सोहळा, युनेस्कोने २००१ मध्ये त्याला मानवजातीचा अमूल्य वारसा म्हणून जाहीर केलं आणि २००८ मध्ये यादीत घेतलं. तो होतो 'आपल्या आयां'साठी. योरुबा समजुतीप्रमाणे म्हाताऱ्या बायकांकडे एक गूढ ताकद असते, ती जीव देऊ शकते आणि काढूनही घेऊ शकते, पीक आणि पाऊस आणि पोरंबाळं सगळं त्यांच्या राजीखुशीवर. त्यांना खूश ठेवायचं, मान द्यायचा, म्हणून गेलेडे. मुखवटे घालून नाचणारे सगळे पुरुष, पण बरेच जण बायकांच्या वेशात. साधारण मार्च ते मे मध्ये, पेरणीच्या आसपास होतो, आणि दुष्काळ किंवा साथ आली तर मुद्दाम पण करतात.

यात रात्रीचा भाग असतो तो 'एफे' या मुखवट्याचा, आणि ती अख्खी रात्र गाण्याची असते. जागा कुठली तर बाजार. बाजारच का, तर बाजार बायकांचा, आणि शिवाय योरुबात म्हण आहे की जग हा बाजार आहे आणि घर वर स्वर्गात, म्हणजे सगळ्यांची, दिसणाऱ्यांची आणि न दिसणाऱ्यांची, गाठ पडायची जागा तीच. एफे यायच्या आधी इतर मुखवटे येऊन वाट मोकळी करून जातात आणि मग मध्यरात्रीच्या सुमाराला तो येतो. आल्या आल्या टीका नाही करत. आधी वंदन, देवांना, त्या आयांना, पूर्वजांना, गावातल्या मोठ्यांना, एकेकाचं नाव घेऊन आणि परवानगी मागून. मग आशीर्वाद मागणं. आणि हे सगळं झाल्यावर मग तो गावाच्या भानगडी काढतो, कोणी बायकोला छळलं, कोणी पैसे खाल्ले, कुठल्या अधिकाऱ्याने काय केलं, आणि मध्येच वर्षभरात गेलेल्या माणसांची आठवण पण काढतो. पहाटेपर्यंत चालतं हे.

आता इथे कळीचा मुद्दा. योरुबा मानतात की शब्दात 'आशे' असतं, म्हणजे घडवून आणायची ताकद, योग्य माणसाने योग्य वेळी उच्चारलेली गोष्ट होते. त्यामुळे एफेने गाण्यात "पाऊस येवो" म्हटलं तर ते पावसाला कामाला लावणं असतं, आणि त्याने कोणाला शाप दिला तर तो शाप खराच लागतो. मग तोच एफे जेव्हा म्हणतो की अमक्याने चोरी केली, तेव्हा ऐकणाऱ्याला माहीत असतं की हे देव, पूर्वज आणि त्या आया पण ऐकतायत. म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. कायद्याने मिळालेलं संरक्षण नाहीये हे, तो उभाच अशा ठिकाणी आहे जिथे त्याला मारणं म्हणजे त्या आयांना दुखावणं. सामाजिक टीका उभी आहे ती धर्माच्या पायावर, आणि उलट बाजूने बघितलं तर गावाच्या भानगडी निस्तरल्याशिवाय आया प्रसन्न होणार नाहीत, म्हणजे धर्मालाही ही टीका लागतेच.

योरुबांचीच आणखी एक गोष्ट सांगतो. नायजेरियात ओशोग्बो शहराच्या कडेला ओशुन नदीच्या काठाने देवीचं राखीव जंगल आहे, २००५ पासून जागतिक वारसा यादीत, आणि दर ऑगस्टमध्ये तिथे देवीचा उत्सव असतो. एक कुमारिका डोक्यावर पूजेचं सामान घेऊन राजवाड्यापासून नदीपर्यंत चालत जाते, मागे हजारो लोक. बायका मूल व्हावं म्हणून येतात, झालेलं मूल दाखवायला येतात. इथे गाण्याचं काम वेगळं, इथे टीका कमी आणि 'ओरिकी' जास्त. ओरिकी म्हणजे एखाद्या देवाची, माणसाची, घराण्याची ओळख सांगणारी बिरुदं, एकामागून एक घ्यायची. समज अशी की बिरुदं घेतली की ज्याची आहेत तो जागा होतो, अंगात बळ येतं त्याच्या, देव असेल तर तो खाली येतो. आणि मजा म्हणजे योरुबा भाषेत स्वर वर, मध्ये, खाली अशा तीन पातळ्यांवर चालतो, पातळी बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो, त्यामुळे चाल पण भाषेच्या चढउताराला धरून लावायला लागते आणि दुंदुन नावाचा डमरूसारखा ढोल तर बगलेतल्या दोऱ्या दाबून ती उंची-खोली तंतोतंत काढतो, जाणकार माणसाला ढोल ऐकून ओरिकीचे शब्द कळतात. म्हणजे आपल्याला जो नुसता ताल वाटतो तो तिथल्या माणसाला नावासकट हाक मारत असतो.

असांते दरबारात हेच काम इतिहासासाठी होतं. दर सहा आठवड्यांनी आदाए येतो, पूर्वजांचा दिवस, तेव्हा दरबारातले गायक 'क्वाजोम' म्हणतात, म्हणजे होऊन गेलेल्या राजांची नावं, लढाया, पराक्रम ओळीने. बसलेल्या राजाला त्याच्या आधी कोण कोण होऊन गेलं ते ऐकावं लागतं. लेखी बखर नसली तरी चालतंय, वर्षात इतक्या वेळा मोठ्याने म्हटली जाणारी गोष्ट सहज पुसली जात नाही.

एक वेगळी आणि थोडी अस्वस्थ करणारी केस दक्षिणेची. इस्वातिनी, जुनं नाव स्वाझीलँड, तिथे डिसेंबर-जानेवारीत 'इन्क्वाला' होतो, नवं पीक आणि राजा यांचा सण. त्यातली काही पवित्र गाणी फक्त त्याच दिवसांत म्हणायची, इतर वेळी म्हणायला बंदी. मानववंशशास्त्रज्ञ हिल्डा कूपर यांनी ती १९४७ च्या पुस्तकात नोंदवली आणि वाचणारे चक्रावले, कारण राष्ट्राच्या सगळ्यात पवित्र सोहळ्यात लोक गातायत की राजाचा सगळे द्वेष करतात, त्याचे शत्रू म्हणजे त्याचीच माणसं. त्याच क्षेत्रातले मॅक्स ग्लकमन यांनी यावर प्रसिद्ध सिद्धांत मांडला, की ही गाण्यातली बंडखोरी आहे, वर्षातून एकदा वाफ सोडली की खरं बंड होत नाही आणि राजाची गादी उलट पक्की होते. पुढे १९६६ मध्ये बायडलमन या दुसऱ्या अभ्यासकाने म्हटलं की असं नाहीये, ती गाणी राजाला एकटं पाडण्यासाठी आहेत, त्याला नात्यागोत्यातून सोडवून सगळ्या देशाचा करायचंय आणि देशाचं पाप झेलायला तयार करायचंय, तेव्हा ती द्वेषापेक्षा दुःखाची आहेत. मला बायडलमन यांचं जास्त पटतं कारण कूपर यांनीच लिहिलंय की ही गाणी म्हणताना लोक रडतात.

पण ग्लकमन यांच्या म्हणण्यातला एक धागा सोडवत नाही. इस्वातिनीत १९७३ मध्ये तेव्हाच्या राजाने संविधान रद्द करून राजकीय पक्षांवर बंदी घातली. सणात राजाच्या द्वेषाचं गाणं चालतं, सणाबाहेर पक्ष काढून विरोध चालत नाही. २०२१ मध्ये तिथे लोकशाहीसाठी आंदोलनं झाली तेव्हा गोळीबार झाला, माणसं मेली. तेव्हा सणातल्या गाण्यांकडे बघून "वा, किती मोकळा समाज" असं म्हणायची घाई मी करणार नाही. गाण्याला मुभा आहे ती त्या वेळेपुरती आणि त्या जागेपुरती. टेकिमानच्या गाण्यात पण तेच होतं, आज म्हणतो, एरवी म्हणता येत नाही.

यातलं काही समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यापर्यंत पण आलंय. मुरुडचा जंजिरा ज्यांनी राखला ते सिद्दी मूळ आफ्रिकेतले हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला बावा गोर या पिराचं ठाणं आहे, तिथले सिद्दी आजही उरुसाला 'गोमा' करतात, ढोल, शिंपल्या-नारळाची वाद्यं आणि गाणी, आणि गाण्यांत पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीचे शब्द अजून सापडतात, अर्थ सगळ्यांना लागत नसला तरी. भाषा गेली, देव बदलला, धर्म बदलला, तरी पिराला बोलवायचं ते गाऊन आणि नाचूनच, हे टिकलं. पर्यटकांसमोर होणारा धमाल कार्यक्रम म्हणून बऱ्याच लोकांनी तो स्टेजवर बघितला असेल, पण दर्ग्यासमोरचा आणि स्टेजवरचा यात फरक असतो आणि तो फरक सिद्दी स्वतः मानतात.

हाच स्टेजचा प्रश्न तिकडे पण आहे. सणांना आता स्पॉन्सर असतात, बॅनर असतात, मंत्री पाहुणे म्हणून येतात, आणि ज्याच्यावर गाणं करायचं तोच पहिल्या रांगेत खुर्चीवर असेल आणि कार्यक्रमाचे पैसे त्यानेच दिले असतील तर ओळ कोण टाकणार? बॉसमनच्या वेळची दारू आणि आत्ताची स्पॉन्सरशिप, काम एकच करतात.

शेवटी आक्राचं सांगायला पाहिजे, कारण तिथे हा विषय थेट आजच्या शहराशी येऊन भिडलाय. आक्रा घानाची राजधानी, मूळची गा लोकांची जमीन. त्यांचा सण 'होमोवो', जुन्या दुष्काळानंतर पीक आलं तेव्हा भुकेची हुर्यो उडवली त्याची आठवण. मक्याचं क्पोक्पोई करतात, सरदार ते पूर्वजांसाठी जमिनीवर टाकत फिरतो, लोक रस्त्यावर भुकेला आणि एकमेकांनाही गाण्यातून सुनावतात. देवळातल्या पुजाऱ्यांची क्पेले गाणी आणखी वेगळी, जुनी, शेजारच्या भाषांचे शब्द मिसळलेली. पण या सगळ्या आधी साधारण महिनाभर गावात ढोल आणि मोठा आवाज बंद. बी पेरलंय, देव कामात आहेत, त्यांना शांतता पाहिजे, म्हणून. बंदी उठते ती पण ढोल वाजवूनच, आणि महिनाभर तोंड मिटून बसलेल्या माणसांनी पहिलं गाणं उचलल्यावर त्याला काय जोर येत असेल! आता या शहरात हजारो चर्च आहेत आणि तिथली प्रार्थना म्हणजे ड्रम, कीबोर्ड, स्पीकर. १९९० च्या दशकाच्या शेवटी यावरून मारामाऱ्या झाल्या, चर्चमध्ये घुसून वाद्यं उचलून नेली, लोक जखमी झाले. चर्चवाल्यांचं म्हणणं संविधानाने आम्हाला उपासनेचा हक्क दिलाय, गा लोकांचं म्हणणं जमीन आमची, देव आमचे, एक महिना मागतोय फक्त. दोन्ही बाजूंना गाणं म्हणजे उपासनाच होती, म्हणूनच भांडण इतकं पेटलं. त्यातून मग वाटाघाटी होऊन एक पद्धत बसली, महापालिका दरवर्षी बंदीच्या तारखा जाहीर करते, प्रार्थना आपापल्या इमारतीच्या आत आणि कमी आवाजात करायची, बाहेर स्पीकर लावायचा नाही, आणि हे बघायला एक पथक असतं ज्यात पोलीस आणि पारंपरिक सरदारांची माणसं दोन्ही असतात. कुरबुरी अजून होतात पण दरवर्षी मे-जून आला की लाखो लोकांच्या त्या शहरात तारखांचं पत्रक निघतं.